रंगाच्या बरणीचं झाकण

टप्.

जेवणाच्या टेबलावर एक बरणी उलटी ठेवली होती, तिच्याखाली स्टीलची ताटली होती आणि त्या ताटलीत पहिला थेंब पडला. त्याआधी दहा मिनिटं कुणी तोंड उघडलं नव्हतं. या घरात सलग दहा मिनिटं शांतता म्हणजे एक तर कुणीतरी आजारी, नाहीतर, एके काळी, धाकट्याचा निकाल.

"भरताना बाहेर सांडलं असेल गं थोडं," आई म्हणाली. "तेच ओघळलं."

टप्. टप्.

"आणि आता हेही बाहेरचंच," ताई म्हणाली.

आप्पा खुर्चीत पुढे वाकून, हनुवटी मुठीवर टेकवून ताटलीकडे बघत राहिले. पैज त्यांनीच लावली होती, तीही महिन्याभरापूर्वी याच टेबलावर, सगळ्यांसमोर. ताईने त्या दिवशी परत विषय काढला होता की आता टूलरूम बंद करू या, साचे बाहेरून बनवून आणू आणि आपण फक्त मशिनं चालवू. पाच मोल्डिंग मशिनं ताईच्या ताब्यात, टूलरूम आप्पांची. मधल्या दारात रबरी पडदा होता आणि त्या पडद्यावरून बापलेकीत गेली कित्येक वर्षं सीमावाद चालू होता. आप्पा म्हणाले होते, "रंगवाल्याच्या झाकणाचा साचा माझ्या हातचा होतोय. ते झाकण गळलं तर टूलरूमची किल्ली मी स्वतः तुझ्या हातात देईन."

लहान मुलांचे रंग विकणारा रंगवाला उद्या सकाळी नमुने बघायला येणार होता. बरण्या त्याच्या, झाकणं यांची.

"त्याला सांगू, की झाकण श्वास घेतं," धाकटा म्हणाला. माल विकायचं काम त्याचं, त्यामुळे कोणत्याही दोषाचा गुण करून सांगायची त्याच्या जिभेला सवय होती. "आतला रंग ताजा राहतो. नवीन तंत्रज्ञान."

"तू गप्प बस."

"मी गप्पच होतो. दहा मिनिटं होतो. माझा विक्रम आहे."

टेबलाखालून ठकू बाहेर आली. वय वर्षं सहा, आजोबांची एकमेव शिष्या. तिने ताटलीत बोट बुडवलं, चाखलं आणि जाहीर केलं, "पाणीच आहे."

"बघा, तज्ज्ञांचं मत आलं," धाकटा म्हणाला. त्याच्या बायकोने, म्हणजे ठकूच्या आईने, त्याला टेबलाखालून पाय मारला. तो चुकून सासूबाईंना लागला आणि आई म्हणाली, "अगं, मी काय केलं?"

हसू फुटायला तेवढं पुरलं. आप्पासुद्धा हसले. पण हसून झाल्यावर त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि टेबलावर ताईसमोर ठेवली.

"घ्या मॅनेजरसाहेब."

ताईने किल्लीकडे पाहिलं. महिनाभर तिला वाटत होतं की हा क्षण आला की तिला हलकं वाटेल. तिने सगळं मांडून ठेवलं होतं: टूलरूमची जागा मोकळी झाली की तिथे सहावं मशिन बसेल, साच्यांची वाट बघत मशिनं थांबणार नाहीत, वगैरे. हे सगळं खरं होतं. पण खरं कारण तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. तिने किल्ली उचलली नाही. ती भाजीच्या भांड्यावरचं झाकण उगाच नीट बसवत राहिली.

सून उठली. तिने चमच्यांचा खण उघडून व्हर्निअर काढला. या घरात व्हर्निअर चमच्यांच्याच खणात असायचा, कारण वस्तू मोजायची हुक्की कुणालाही जेवताना येऊ शकायची. तिने बरणी सुलटी केली, झाकण फिरवून काढलं आणि आतून माप घेतलं. मग परत घेतलं. मग दुसरं झाकण घेतलं, तिसरं घेतलं.

"किती?" आप्पांनी विचारलं.

"साठ पॉइंट नऊ मिलिमीटर."

"आणि हवं होतं?"

"साठ."

झाकणासाठी हा फरक म्हणजे गल्ली सोडून हमरस्ताच. पण सुनेचं लक्ष फरकाच्या मोठेपणाकडे नव्हतं. साठ पॉइंट नऊ हा आकडाच तिच्या ओळखीचा होता, कारण साच्याच्या कागदावर तो तिने स्वतःच्या हाताने लिहिला होता.

प्लॅस्टिक गरम असताना साच्यात भरतात आणि निवताना ते आखडतं. म्हणून साचा नेहमी थोडा मोठा कापायचा. पीपी नावाच्या प्लॅस्टिकचा दाणा, ज्याची ही झाकणं होती, तो शंभरात दीड आखडतो, म्हणजे साठाचं झाकण हवं असेल तर साचा साठ पॉइंट नऊचा. हे या घरात ठकूलासुद्धा माहीत होतं. आणि सगळ्यांना हेही माहीत होतं की ही वाढ आप्पा धरतात. कागदावर वस्तूचं खरं माप यायचं, आप्पा ते बघायचे, ओठांतल्या ओठांत पुटपुटायचे आणि पोलादावर वाढीव माप उतरवायचे. बत्तीस वर्षं हे असंच चाललं होतं. ते कुठेही लिहिलेलं नव्हतं, कारण ते आप्पांच्या डोक्यात होतं आणि आप्पा रोज कामावर यायचे.

"आप्पा," सून म्हणाली, "साच्याचा आतला गाभा तुम्ही कितीचा कापलात?"

"एकसष्ट पॉइंट आठ," आप्पा म्हणाले. आकडे त्यांना पाठ असायचे. "तू साठ नऊ दिलंस, त्यावर मी वाढ धरली."

"मी साठ नऊ दिलं ते वाढ धरूनच."

कुणीतरी चमचा खाली ठेवला.

"म्हणजे दोनदा धरली," ताई सावकाश म्हणाली.

"चूक माझी आहे," सून घाईने म्हणाली. "कागदाच्या कोपऱ्यात लिहायला हवं होतं, वाढ धरली आहे म्हणून. राहून गेलं."

"राहून कसं गेलं?" ताईने विचारलं. "मुळात तू धरलीसच का? दोन वर्षं झाली तुला टूलरूममध्ये. आप्पा स्वतः धरतात हे तुला माहीत नाही?"

सून झाकणं ओळीत लावायला लागली. तिला सगळं माहीत होतं, म्हणूनच तर. गेल्या दोन साच्यांच्या वेळी तिने आप्पांना कागद खिडकीशी नेऊन, लांब धरून, परत जवळ आणून वाचताना पाहिलं होतं. आठाचा तीन वाचल्यामुळे साच्याचा एक पाट परत घासावा लागला होता आणि आप्पांनी तो कुणाच्या लक्षात यायच्या आत स्वतःच घासला होता. तेव्हा तिने ठरवलं की या वेळी गुणाकार आपणच करून टाकायचा. आप्पांना दिसेल ते माप थेट कापायचं राहील, एक पायरी कमी. सांगायचं कशाला? सांगितलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, का.

"मीही विचारायला हवं होतं," आप्पा म्हणाले. सगळे त्यांच्याकडे वळले. "साठ नऊ हा आकडा मला विचित्रच वाटला होता. बरणीचं तोंड कोण असं अर्धवट मापाचं करेल? पण त्याच्या आदल्याच आठवड्यात मी तिला सगळ्यांसमोर टोकलं होतं, साच्यात झाकण अडकेल, उतार कमी दिलास म्हणून. पोरीचा चेहरा एवढासा झाला होता. म्हटलं, आता परत नको. विसरली असेल वाढ धरायला, आपण धरू, कुणाला कळणारही नाही."

"घ्या," धाकटा म्हणाला. "दोघांनी एकमेकांना सांभाळून घेतलं आणि झाकण रस्त्यावर आलं."

"पण ती विसरली नव्हती ना," ताई म्हणाली. तिची नजर सुनेवरून हलली नव्हती. "मी विचारतेय ते वेगळं आहे. तू वाढ का धरलीस?"

"ताई, सांगितलं ना, सवयीने—"

"आजोबांना छोटे आकडे दिसत नाहीत ना, म्हणून," ठकू म्हणाली.

ती टेबलाच्या टोकाला, हातात दोन झाकणं घेऊन उभी होती. मोठी माणसं एकदम का थबकली हे तिला कळेना. तिला वाटलं, नीट ऐकू आलं नसेल. "मीच वाचून दाखवते त्यांना, शाळेतून आल्यावर. ते म्हणतात, बघू ठकूला आकडे येतात का. पण मला माहीतेय. मला आकडे येतात हे त्यांना आधीच माहीत असतं." मग तिला काहीतरी आठवलं आणि तिने तोंडावर हात ठेवला. "ते आमचं गुपित होतं."

आप्पांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि परत लावला. या पुसण्याचा काही उपयोग नाही, हे आता सगळ्या टेबलाला ठाऊक झालं होतं.

गंमत म्हणजे, कुणालाही धक्का बसला नव्हता, आणि हे सगळ्यात आधी आईच्या लक्षात आलं. तिने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. ती स्वतः वर्षभर सकाळी वर्तमानपत्र मोठ्याने वाचत होती, अहो, ही बातमी ऐका, काय मजा आहे, म्हणत. मजा कशात काही नसायची. नवऱ्याला वाटायचं, हिला म्हातारपणी राजकारणाचा नाद लागला.

"तुलाही माहीत होतं?" तिने धाकट्याला विचारलं.

"दाण्याच्या पोत्यांवर एवढ्या मोठ्या अक्षरांत नावं मी काय हौस म्हणून रंगवली? पाठ धरली होती माझी."

"मी म्हटलं, हा एकाएकी नीटनेटका कसा झाला," आप्पा म्हणाले. मग त्यांनी ताईकडे पाहिलं. "आणि टूलरूममधला तो नवा दिवा? वीज वाचते म्हणालीस तू."

ताईने मान खाली घातली.

"त्या दिव्याने वीज वाचत नाही," ती म्हणाली. "दुप्पट जाते."

आणि मग खरं कारण बाहेर आलं. दोन महिन्यांपूर्वी रबरी पडदा बाजूला करून ती काहीतरी विचारायला गेली होती. आप्पा लेथवर होते. फिरत्या तुकड्याची कड कुठे संपते हे त्यांना दिसत नव्हतं आणि ते बोटाने चाचपत होते. चालू लेथवर. तिने हाक मारली नाही, कारण दचकले असते तर बोट गेलं असतं. ती पडदा धरून तशीच उभी राहिली, काम संपेपर्यंत, आणि मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसली. दुसऱ्या दिवसापासून तिने टूलरूम बंद करायचं टुमणं लावलं.

"हे मला सरळ सांगता येत नव्हतं?" आप्पांचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "मला वाटलं, माझं काम तुला जुनं वाटायला लागलं."

"तुम्हाला सरळ सांगितलेलं चालतं का कधी? गुडघ्याचं सांगितलं तर सहा महिने बोलला नाहीत माझ्याशी."

"चार," आई म्हणाली.

"चार महिने. शिवाय, आप्पा, तुम्ही तरी कुठे सांगितलंत?"

आप्पांनी एक झाकण उचललं आणि अंगठ्याने आतले आटे चाचपले. ते काम खरोखर देखणं होतं. आट्यांचं झाकण साच्यातून ओढून काढता येत नाही, तुटतं. त्यासाठी साच्याच्या आतला गाभा स्वतःभोवती फिरत बाहेर यावा लागतो, बाटलीचं बूच फिरवून काढावं तसा. एका दट्ट्याने चार गाभे एकदम फिरवणारा असा साचा या भागात दुसरं कुणी करत नव्हतं. तो अजून करता येतो हे त्यांना एकदा, निदान एकदा बघायचं होतं.

"साचा चांगला आहे," ताई म्हणाली. ती आता झाकणाकडे बघत होती, मशिनवर बघते तशी, डोळे बारीक करून. "चारही एकसारखी मोठी आलीत. एकही तिरकं नाही, कुठे काठ फुटलेला नाही. चूक आहे, पण किती सरळ चूक आहे."

"कौतुक आहे की टोमणा?" धाकट्याने विचारलं.

"थांब रे." ती बोटांवर काहीतरी मोजत होती. "एकसष्ट आठ. पीपी दीड आखडतो. एचडी किती आखडतो?"

सून आणि आप्पा एकदम म्हणाले, "तीन."

"एकसष्ट आठमधून तीन टक्के गेले की?"

"साठ," सून म्हणाली. "साठाला एक केसभर कमी." आणि ती खाली बसली.

एचडी हा दुसऱ्या प्लॅस्टिकचा दाणा, तो जास्त आखडतो. साचा मोठा झाला, तर जास्त आखडणारा दाणा घालायचा. इतकं सोपं होतं की टूलरूममधल्या दोघांनाही ते सुचलं नव्हतं, कारण ती दोघं पोलादाचा विचार करत होती. दाण्याचा विचार करणारी माणसं पडद्याच्या पलीकडे राहत होती.

"रंगवाल्याला चालेल का पण दुसरा दाणा?" आईने विचारलं.

"विचारतो की." धाकट्याने फोन लावला, बाल्कनीत गेला, मोठ्याने हसला, परत आला. "म्हणाला, रंग गळला नाही तर झाकण लाकडाचं केलंत तरी चालेल. मी म्हटलं, लाकडाचं वेळ लागेल."

रविवार होता, पण कोण ऐकतंय. भांडी तशीच टाकून सगळे कारखान्यात गेले. आईसुद्धा, घरी बसून जीव टांगणीला लावण्यापेक्षा तिथे बसून लावीन म्हणत. ताईने मशिन तापवलं, आतला जुना पीपी ओकून काढला, वरच्या नरसाळ्यात एचडीचं पोतं रिकामं केलं. ती हे करत असताना आप्पा रबरी पडद्याच्या अलीकडे, म्हणजे ताईच्या बाजूला, स्टूल घेऊन बसले. इतक्या वर्षांत ते तिथे बसलेले कुणी पाहिले नव्हते.

ठकू मांडणीसमोर आजीला शिकवत होती. मांडणीवर बत्तीस वर्षांचे साचे तेल लावून ठेवले होते.

"हा दोन पाटांचा." तिने दोन तळवे एकमेकांवर ठेवून उघडले. "उघडला की साबणदाणी पडते, पण तिला देठ चिकटलेला असतो. तो हाताने मोडायचा. आणि हा तीन पाटांचा." आता तिने मध्ये आजीचा तळवा घेतला. "यात देठ आपोआप वेगळा पडतो. म्हणून हा शहाणा."

"आणि तो पलीकडचा?"

"त्यात डबा, झाकण आणि कडी एकदम होते. तो आजोबांना आवडत नाही. कडी लहान असते ना, ती आधीच भरून बसते आणि डब्याला पुरत नाही. मग आजोबा डब्याची वाट घासून रुंद करतात. तीन आठवडे करतात."

"आणि देठच नसलेला?"

"तो आपल्याकडे नाही," ठकू गंभीरपणे म्हणाली. "त्याच्या पोटात गरम नळ्या असतात. आत्याला हवाय. आजोबा म्हणतात, आधी माझ्या पोटात घाला."

मशिनवर साचा खटकन मिटला. थोड्या वेळाने तो उघडला, आतले गाभे गोल फिरत मागे सरकले आणि चार पांढरी झाकणं टोपलीत पडली. ताईने ती मोजू दिली नाहीत. "निवू देत. अर्धा तास. आखडतील तेव्हा आखडतील." तो अर्धा तास तीच सगळ्यात जास्त येरझाऱ्या घालत होती.

अर्ध्या तासाने सुनेने माप घेतलं. मग व्हर्निअर आप्पांच्या हातात दिला. आप्पांनी तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला आणि या वेळी खिडकीकडे गेले नाहीत. "वाच," ते म्हणाले, सुनेलाच, सगळ्यांसमोर.

"एकोणसाठ पॉइंट नऊ पाच."

झाकण बरणीवर बसलं, शेवटच्या आट्याला घट्ट झालं, आणि बरणी उलटी केल्यावर पंधरा मिनिटं सगळ्यांनी कोरड्या फरशीकडे टक लावून पाहिलं. मग धाकट्याने मध्येच टप् असा आवाज काढला आणि त्याला आईने धपाटा घातला.

"किल्ली घरी टेबलावरच राहिली," आप्पा म्हणाले. "घेणार आहेस का?"

"किल्ली नको," ताई म्हणाली. "मंगळवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे चला. त्यांनी सांगेपर्यंत लेथला हात लावायचा नाही. लेथ ही तुमची सून चालवेल, तुम्ही शेजारी उभे राहून चुका काढा."

"चुका काढायला दिसावं लागतं."

"तुम्हाला आवाजावरून कळतात. मला माहीत आहे, लहानपणी मी कसंही कापलं तरी तुम्ही पाठमोरे ओरडायचात."

आप्पांनी रबरी पडद्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "मंगळवारी नको. बुधवारी."

"मंगळवारी."

"बरं."

एवढ्यावर मिटलं. म्हणजे मिटलं असं आईला वाटलं आणि ती भांडी आठवून उठली. पण सुनेने आप्पांकडे पाहिलं तेव्हा ते आपले दोन्ही हात मांडीवर उलटे-सुलटे करून बघत होते. हात शाबूत होते. त्या हातांनी काम सोडून द्यायला काहीच कारण नव्हतं.

परतताना आप्पा आणि ताई पुढे चालले होते. रस्ता ओलांडायच्या आधी ताईने त्यांचा दंड धरला, या वेळी कसलाही बहाणा न करता, आणि त्यांनी तो धरू दिला. धाकटा आईला काहीतरी सांगून हसवत होता. सून सगळ्यात मागे, ठकूचं बोट धरून. ठकूच्या मुठीत पहिल्या घाण्यातलं एक झाकण होतं, हाताच्या उबेने कोमट. सुनेला वाटलं, लेक दमली, म्हणून गप्प आहे.

"आई," ठकू म्हणाली. "आजोबा माझ्यावर रागावलेत?"

"नाही गं. बरं झालं तू बोललीस."

"पण तू बोलली नव्हतीस."

"हो. मला वाटलं, त्यांना वाईट वाटेल."

ठकूने त्यावर दोन विजेच्या खांबांइतका विचार केला.

"मग तू म्हातारी झालीस आणि तुला दिसेनासं झालं," ती म्हणाली, "की मी तुला सांगायचं, की तुझ्या नकळत सगळं करून टाकायचं?"